तीळ काढा, पण तुकडा फेकू नका

अंगावर एकही तीळ नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. लहानपणापासून तिशी-पस्तिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात, म्हातारपणी त्यांतले काही फिके होऊन दिसेनासेही होतात. त्यामुळे तिळाला कुणी आजार समजत नाही, आणि बहुतेक तीळ खरोखरच निरुपद्रवी असतात. तरीही कधी ना कधी घरातले कुणीतरी म्हणतेच, की हा एक काढून टाकावा. दाढी करताना हनुवटीवरचा मस वरचेवर कापला जातो. पाठीवरचा ब्लाउजला घासून रक्ताळतो. मुलीला ओठाजवळचा नको असतो. किंवा वर्षानुवर्षे गप्प बसलेला तीळ अचानक वाढायला लागतो.

मग सल्ले सुरू होतात. चुना लाव, घोड्याचा केस बांध, नाक्यावरचा माणूस थोड्या पैशांत जाळून देतो, पार्लरमध्ये मशीन आहे. या सगळ्या उपायांत एक गोष्ट सारखी आहे: तीळ जातो आणि तो नेमका काय होता हे कळण्याची संधीही त्याच्याबरोबर जाते. बंधू-भगिनींनो, या पानावर आम्ही आज एवढेच सांगणार आहोत, की तीळ काढणे हे छोटे काम आहे, भिण्यासारखे त्यात काही नाही. पण काढलेला तुकडा तपासून त्याचा अहवाल हाती येईपर्यंत ते काम पुरे झाले असे समजू नये.

तीळ, मस आणि चामखीळ

आपण बोलताना सगळ्यांना एकच नाव देतो, पण या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कातडीला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झाल्या की तीळ होतो. तो सपाट असतो किंवा कातडीच्या वर उचललेला मऊ मस असतो. त्यावर केस उगवले तरी घाबरण्याचे कारण नाही. चामखीळ मात्र विषाणूमुळे येते. ती खरखरीत असते, खाजवल्याने किंवा वस्तऱ्याने पसरते आणि घरातल्या दुसऱ्यालाही लागू शकते. मानेवर, काखेत बारीक देठाने लोंबणारे मांस ही तिसरी गोष्ट. वजन जास्त असलेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसांत ते अधिक दिसते, म्हणून अशी बरीच लोंबती मांसे दिसली तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या कातडीच्या लोकांना वयाबरोबर गालावर, डोळ्यांखाली बारीक काळे उंचवटे येतात. तेही निरुपद्रवी असतात.

यातले काय काय आहे हे त्वचारोगाचे डॉक्टर नुसते पाहून किंवा डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहून बहुतेक वेळा सांगू शकतात.

कोणता तीळ लगेच दाखवावा?

पुढील पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. तिळाच्या मधोमध रेघ ओढली असे समजा. दोन्ही अर्धे सारखे दिसत नाहीत.
२. कड गुळगुळीत नाही, वेडीवाकडी किंवा पुसट झाली आहे.
३. एकाच तिळात काळा, तपकिरी, तांबडा, निळसर असे अनेक रंग आहेत.
४. तो ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा आहे.
५. तो बदलतो आहे. वाढतो, रंग बदलतो, खाजतो, चिघळतो किंवा काही लागले नसताना त्यातून रक्त येते.

या पाचांत पाचवी खूण सर्वांत महत्त्वाची. मोठा पण वीस वर्षे जसाच्या तसा असलेला तीळ सहसा त्रास देत नाही. लहान असूनही महिन्यामहिन्याला बदलणारा मात्र दाखवलाच पाहिजे. चाळिशीनंतर नव्याने आलेला काळा डागही दाखवावा.

चेहऱ्याबाबत आणखी एक सांगायचे आहे. नाकाजवळ, डोळ्याजवळ काळा, चकचकीत काठाचा उंचवटा येतो. त्यावर खपली धरते, ती पडते, थोडे रक्त येते, पुन्हा खपली धरते. घरचे म्हणतात, आजोबा तीळ खाजवतात म्हणून असे होते. हा कातडीचा सावकाश वाढणारा कॅन्सर असू शकतो. तो दूरवर क्वचितच पसरतो आणि पूर्ण काढला की बहुधा बरा होतो. पण वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर नाकाचे किंवा पापणीचे मांस खात जातो.

तळपाय आणि नख

तिळासारखा दिसणारा सर्वांत घातक आजार म्हणजे मेलानोमा, रंगपेशींचा कॅन्सर. आपल्या देशात तो दुर्मीळ आहे. गोऱ्या लोकांत तो जास्त आढळतो, म्हणून 'आपल्याला तो होत नाही' असा समज पसरला आहे. तो खरा नाही. काळ्या-सावळ्या माणसांत तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे कुणी पाहत नाही तिथे. तळव्यावरचा काळा डाग म्हणजे काटा मोडला असेल, चप्पल चावली असेल, असे आपण म्हणतो आणि पुढे चालू लागतो.

बॉब मार्ले हे जमैकाचे जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक. १९७७ साली त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर निघाला. फुटबॉल खेळताना लागल्याची ती दुखापत आहे असे आधी वाटले होते. पुढे तो शरीरात पसरला आणि ११ मे १९८१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नखावरच्या डागाची एक साधी परीक्षा आहे. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते. एक-दोन महिन्यांत डाग बोटाच्या टोकाकडे गेलेला दिसतो. तो जागचा हलला नाही, एकाच नखावर काळी रेघ आली आणि रुंद होत गेली, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर डॉक्टरांना दाखवावे. अनेक नखांवर पूर्वीपासून बारीक रेघा असतील तर काळ्या कातडीत ते नेहमीचे आहे. महिन्यातून एकदा पाय धुताना घरातल्या मोठ्या माणसांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा तळवा दिसत नाही.

चुना, केस आणि ॲसिड

चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून तिळावर लावतात. या दोन्हींपासून कॉस्टिक सोडा तयार होतो, जो तुंबलेली मोरी साफ करायला वापरतात. तो तिळापाशी थांबत नाही, खालची चांगली कातडीही जाळतो. डोळ्याजवळ लावला तर डोळा जाण्याची भीती असते. नाक्यावर मिळणारे ॲसिडचे थेंबही हेच करतात. केस किंवा दोरा बांधला की रक्त बंद होऊन वरचा भाग काळा पडतो, पिकतो, पण मूळ आत राहते.

यापेक्षा मोठे नुकसान असे, की जळालेला तुकडा तपासता येत नाही. आत कॅन्सर असेल तर वरून जखम भरलेली दिसते आणि खाली तो वाढत राहतो. लेझर आणि विजेच्या सुईने जाळण्याबाबतही हेच लक्षात ठेवावे. ही साधने वाईट नाहीत. लोंबती मांसे आणि चेहऱ्यावरचे बारीक उंचवटे डॉक्टर त्यांनीच काढतात. पण हा तीळ निरुपद्रवी आहे असे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आधी ठरवले पाहिजे. पार्लरमधल्या ताईंना ते ठरवता येणार नाही.

दुसरीकडे काहीजण भीतीने थांबतात. 'तिळाला चाकू लावला की कॅन्सर होतो' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. तीळ कापल्याने साध्या तिळाचा कॅन्सर होत नाही. असे घडलेले वाटते तेव्हा बहुधा तो आधीच कॅन्सर होता आणि उशिरा कापला गेला. शुभ-अशुभ आपण घरातून काढून टाकले, तरी 'हा पैशाचा तीळ आहे, राहू दे' असे एखाद्या वेळी तोंडातून निघतेच. पैसा कामाने येतो. बदलणारा तीळ तेवढा दवाखान्यात दाखवावा.

दवाखान्यात जाताना

जवळचे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय इथून सुरुवात करावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. तिथे केस पेपर काढून त्वचारोग विभागात जावे. जिथे त्वचारोगाचे डॉक्टर नसतील तिथून चिठ्ठी लिहून मागावी.

डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगाव्यात: मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वी कधी बधिर करण्याच्या इंजेक्शनाचा त्रास झाला का, आणि पूर्वीच्या जखमेचा वण जाड होऊन वाढला होता का. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तेही सांगावे. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयासाठी दिलेली गोळी तिळापायी थांबवणे धोक्याचे ठरते. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले हे आठवून ठेवावे.

एवढ्या छोट्या कामासाठी उपाशी राहण्याची सहसा गरज नसते. नाश्ता करून जावे, म्हणजे घेरी येत नाही. बरोबर एक माणूस असावा. डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारावा: "डॉक्टर, तुकडा तपासायला पाठवणार ना?"

टेबलावर काय होते

संमतीपत्रावर सही घेतात. त्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवा म्हणावे, तो आपला हक्क आहे. मग जागा स्वच्छ करून बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. सर्वांत जास्त दुखते ते हे इंजेक्शन, तेही काही सेकंद. त्यानंतर ओढल्यासारखे, दाबल्यासारखे कळते, दुखत नाही. दुखले तर सांगावे, औषध वाढवता येते.

उचललेला, निरुपद्रवी दिसणारा मस कातडीच्या पातळीवर खरवडून काढतात; त्याला टाके लागत नाहीत. संशय असलेला तीळ मुळासकट, भोवतालच्या थोड्या कातडीसह, होडीच्या आकारात कापून टाके घालतात. म्हणून टाक्यांची रेघ तिळापेक्षा लांब असते. त्यात काही चुकलेले नसते. तसे कापल्यानेच कातडी सपाट मिटते. साधारण अर्ध्या तासात काम होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते.

बाटलीचा प्रवास

काढलेला तुकडा फॉर्मॅलिन या द्रवाच्या बाटलीत ठेवतात. बऱ्याच रुग्णालयांत ही बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन प्रयोगशाळेत पोचवायला सांगतात. गडबड होते ती इथे. बाटलीवर नाव, केस पेपरचा नंबर, शरीराचा भाग आणि उजवा की डावा हे लिहिले आहे का ते पाहावे. बरोबरच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेले असावे. बाटली उघडू नये, द्रव ओतून पाणी भरू नये, 'उद्या देऊ' म्हणून घरी नेऊ नये. प्रयोगशाळेत दिल्यावर पावती किंवा नोंदीचा नंबर घ्यावा आणि अहवाल कोणत्या तारखेला मिळेल ते विचारून लिहून ठेवावे. दोन तीळ काढले असतील तर दोन वेगळ्या बाटल्या हव्यात.

जखमेची काळजी

पहिला दिवस पट्टी कोरडी ठेवावी. एक-दोन तासांनी बधिरपणा उतरला की ठणकते, त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, रक्त वाढते. पट्टीतून रक्त आले तर स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटे सलग दाबून धरावे. मध्ये उचलून पाहिले की पुन्हा सुरुवातीपासून धरावे लागते. तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांनी सांगितले तसे, हात धुऊन साबण-पाण्याने जागा अलगद धुवावी, चोळू नये, टिपून कोरडी करावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून नवी पट्टी बांधावी. 'जखम उघडी ठेवली की लवकर सुकते' हे तितकेसे खरे नाही. थोडी ओलसर, झाकलेली जखम लवकर भरते आणि वण कमी राहतो. हळद, टूथपेस्ट, राख, कॉफी पावडर यातले काहीही लावू नये. वस्तीत पाणी दिवसाआड येत असेल तर उकळून गार केलेले पाणी एका झाकलेल्या भांड्यात जखमेसाठी वेगळे ठेवावे.

भात खाल्ल्याने जखम पिकते, आंबट खाल्ल्याने पू होतो, असे म्हणून आपण आजारी माणसाला अर्धपोटी ठेवतो. असे काही होत नाही. डाळ, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे यांतून मिळणाऱ्या प्रथिनांनी जखम भरते. बिडी आणि तंबाखूने मात्र जखम रेंगाळते, तेवढे दिवस तरी दूर ठेवावी.

टाके चेहऱ्यावर साधारण ५ ते ७ दिवसांनी, हात आणि अंगावर १० ते १४ दिवसांनी, पायावर १४ दिवसांच्या आसपास काढतात. ब्लेडने घरी काढू नयेत. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, भोवती गरम लाली पसरली, पू आला, ताप आला, तर टाक्यांच्या तारखेची वाट पाहू नये.

कामावर कधी जावे?

हातावर पोट असणाऱ्या घरात सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो. बसून काम असेल आणि टाके चेहऱ्यावर असतील तर दुसऱ्या दिवशीही जाता येते. धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या हातावर टाके असतील तर टाके निघेपर्यंत हात भिजत ठेवता येणार नाही. गटार, कचरा यांत काम करणाऱ्या दादांनी पायावर उघडी जखम घेऊन उतरू नये. पाठीवर किंवा खांद्यावर टाके असताना ओझे उचलले तर ते ताणून सुटतात. टाके काढले म्हणजे कातडी पूर्वीइतकी मजबूत झाली असेही नाही. त्या दिवशी तिला मूळ ताकदीचा छोटासा भागच आलेला असतो, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे जड काम बेताने करावे.

त्यामुळे निरुपद्रवी तीळ काढायचा असेल तर तारीख आपल्या सोयीने मागावी. ईएसआयसीचे कार्ड असेल तर आजारपणाचा दाखला घ्यावा. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जायचे ठरले असेल तर ताजे टाके घेऊन गर्दीत, उन्हात चालण्यापेक्षा परत आल्यावरची तारीख बरी. संशयाचा तीळ असेल तर मात्र यातले कुठलेही कारण सांगून पुढे ढकलू नये.

वण

वण राहतोच. सुरुवातीला तो लालसर किंवा काळपट, टणक असतो. मऊ आणि फिका व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. उन्हाने तो अधिक काळा पडतो, म्हणून पदर, टोपी, लांब बाही यांनी झाकावा. आपल्या कातडीत, विशेषतः छातीवर, खांद्यावर आणि कानाच्या पाळीवर, वण जाड होऊन मूळ जखमेबाहेर वाढू शकतो. त्याला केलॉइड म्हणतात. तो कॅन्सर नाही, पण खाजतो आणि दुखतो. लवकर दाखवला तर सिलिकॉनची पट्टी आणि वणात द्यायची इंजेक्शने यांनी आटोक्यात येतो. छातीवरचा तीळ केवळ दिसण्यासाठी काढायचा असेल, तर हे आधी तोलून पाहावे. कधी कधी तिळापेक्षा वण मोठा होतो.

अहवाल वाचताना

अहवाल इंग्रजीत असतो. घरातल्या शिकलेल्या मुलीला-मुलाला वाचायला सांगावा. 'नेव्हस' आणि 'बिनाइन' हे शब्द असतील तर तो साधा तीळ होता. 'डिस्प्लास्टिक' लिहिले असेल तर डॉक्टर त्या जागेवर नजर ठेवतात किंवा थोडी जास्त कातडी काढतात. 'मॅलिग्नंट', 'कार्सिनोमा' किंवा 'मेलानोमा' असेल तर तो कॅन्सर आहे. 'मार्जिन' या शब्दापुढे काय लिहिले आहे ते डॉक्टरांना विचारावे. आजार कडेपर्यंत पोचला होता की पूर्ण निघाला, हे त्यावरून कळते. मेलानोमात तो किती मिलिमीटर खोल गेला यावर पुढचे बरेचसे ठरते. वरच्या थरात असताना सापडला तर पुन्हा थोडे ऑपरेशन करून माणूस बरा होतो. पुढच्या उपचारासाठी मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून विचारावे.

अहवाल चांगला आला तरी तो फेकू नये. खरवडून काढलेल्या तिळाच्या वणात काही महिन्यांनी पुन्हा काळा रंग उगवू शकतो. तो वेडावाकडा असतो, आणि नव्या डॉक्टरांना तो कॅन्सरसारखा वाटू शकतो. तेव्हा जुना अहवाल दाखवला की नाहक भीती आणि नाहक ऑपरेशन दोन्ही टळतात. आधारकार्ड, जातीचा दाखला, रेशनकार्ड आपण ज्या पिशवीत जपून ठेवतो, त्याच पिशवीत हा कागद ठेवावा. आणि अहवालाच्या तारखेला कामावरून सुट्टी मिळत नसेल, तर शेजारच्या कुणाला पावती देऊन पाठवा. पण अहवाल आणल्याशिवाय राहू नका. जयभीम.